लाज, स्त्री.

झटक्यानंतर बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला.
पाणी गेलं, भाकर गेली, आईचं नाव गेलं,
ढोकाळी, मनोरमानगर, कापूरबावडी, माजिवडा,
एकतीस वर्षं झोपेतही बडबडलेले थांबे गेले.
राहिली ती लाज.

चहा हवा असला की म्हणतात, लाज.
पंखा कमी कर, लाज.
लघवीला जायचंय, हे मात्र दोनदा, खालच्या आवाजात,
आणि आई भांडं घेऊन धावते.

नौपाड्यात वाचा-उपचाराच्या सहस्रबुद्धे मॅडम
टेबलावर चित्रांचे पत्ते मांडतात. कप. छत्री. मासा.
बाबा माशावर बोट ठेवतात
आणि कोलशेतच्या माणसाला मासा ओळखता येतो
अशा ठाम सुरात सांगतात, लाज.
"होतं असं," मॅडम म्हणाल्या,
"कधी कधी फार वापरलेला शब्दच मागे राहतो."
आई खिडकीबाहेर बघत राहिली,
बाहेर नुसती भिंत होती.

वापरला तर होताच.
तिकीट न काढणाऱ्याला : लाज नाही वाटत?
बीजगणितात सात मार्क आणणाऱ्या भावाला :
जनाची नाही, मनाची तरी.
काका हळदीत पिऊन मांडवातच आडवा झाला
तेव्हा : कोळून प्यायलाय.
आमच्याकडे लाज यायची, जायची, काढली जायची,
वेशीला टांगली जायची,
उतरवून परत घरात आणली जायची,
लग्नातल्या पितळी हंड्यासारखी,
पाणी कुणी भरत नाही, पण घासायचा रोज.
घासायला मी.

शाळेत शिंगोटे बाईंनी शिकवलं होतं,
भूक लागते, थंडी वाजते, लाज वाटते.
यातलं आपण काहीच करत नाही,
करणारी ती,
आपण नुसते चतुर्थी विभक्तीत, मला, मला, मला.
बाई हेही म्हणाल्या की पुरुष ओशाळतो, वरमतो, खजील होतो,
म्हणजे काहीतरी करून बसल्यावर.
मुलीनं काही न करताच लाजायचं असतं.
मला ते जमलं नाही. दोन स्थळं त्यावरून परत गेली,
तिसरं गेलं नाही.

आठ महिन्यांनी दोन बॅगा घेऊन मी त्याच्याकडून परत आले.
बाबा ड्युटीवरून नुकतेच आलेले, खाकी शर्टाची दोन बटणं उघडी.
"चारचौघांत लाज आणलीस," एवढंच,
आणि आत जाऊन त्यांनी बातम्यांचा आवाज वाढवला.
मग सहा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.
तेव्हा त्यांच्याकडे सगळे शब्द होते.

आता दर गुरुवारी ऐरोलीहून येते,
लॅबमधून सुटले की थेट. त्यांची दाढी करायला.
आईच्या हाताने ते करू देत नाहीत,
भावाच्या हाताने कापतं.
हळूहळू मला सूर कळायला लागलेत.
चहाची लाज वर चढते. पंख्याची तुटक.
आणि एक लांबलेली आहे, लाऽज,
शेवटच्या थांब्यावर झोपलेल्या प्रवाशाला
खांद्याला हात न लावता उठवावं तशी.
ती फक्त मी समोर असले की.

मागच्या गुरुवारी आई मोरीत होती.
कडी वाजली तशी तिने आतूनच विचारलं, "कोन आलंय?"
बाबा म्हणाले, "लाऽज."
मी चप्पल काढत ओ दिली.
आई ओल्या हातांनी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं,
काही बोलली नाही, परत आत गेली.

कुठल्या अर्थाने म्हणाले, ते मी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलंच.
गरम पाण्याचा मग स्टुलावर ठेवला,
त्यांनी आपणहून मान वर केली.
हनुवटीखालची कातडी फार सैल झालीय,
तिथे सावकाश जावं लागतं.